सहा दिवस उपाशी, सातव्या दिवशी तुपाशी

रविवारी रात्री पावणेबाराला मी उघड्या फ्रिजसमोर उभा राहून आइस्क्रीमच्या डब्याचा तळ खरवडत होतो. भूक नव्हती. संध्याकाळी सातपासूनच पोटाला तडस लागली होती. आइस्क्रीम फार चांगलं लागत होतं असंही नाही. गोड खाऊन खाऊन जीभ केव्हाच बधिर झाली होती. तरी चमचा थांबत नव्हता, कारण बारा वाजले की सोमवार लागणार होता आणि सोमवार ते शनिवार तो डबा मला वर्ज्य होता. पंधरा मिनिटं हातात होती. परीक्षेत शेवटचा प्रश्न घाईघाईनं उरकतात तसं मी ते आइस्क्रीम उरकलं, डबा विसळून ठेवला आणि आडवा झालो. झोप कसली लागतेय!

त्या वेळी माझं डाएट चालू होतं आणि रविवार हा माझा 'चीट डे' होता. सहा दिवस काटेकोर पथ्य, सातव्या दिवशी काहीही, कितीही, केव्हाही. ही कल्पना कुणी माझ्या गळ्यात मारली नव्हती, मीच हौसेनं उचलली होती. ऐकायला ती समंजस वाटते. माणूस म्हणजे काही यंत्र नव्हे, जिभेलाही सुट्टी हवी, एका दिवसानं काय होतंय! त्यात पडद्यावरचे पिळदार शरीराचे नट आपापल्या चीट डेच्या ताटांचे फोटो टाकत असतात. ड्वेन जॉन्सनसारखा माणूस पॅनकेकची चळत पुढे घेऊन बसलेला दिसला की वाटतं, याला चालतं तर मला का नाही? त्याच्या अंगावर स्नायू किती आणि तो रोज घाम किती गाळतो, हे त्या फोटोत कुठे दिसतं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या डाएटला चीट डे लागतो त्या डाएटमध्येच कुठेतरी खोट असते, आणि चीट डे ती खोट आपल्यापासून लपवतो. अधूनमधून आवडीचं खाण्याला माझा काडीचाही विरोध नाही; ते नसेल तर कुठलंही पथ्य वर्षभर टिकणार नाही. माझं भांडण 'डे'शी आहे, आणि त्याहून जास्त 'चीट'शी.

चीट डेच्या बाजूनं बोलणाऱ्यांना मी उडवून लावत नाही. त्यांच्या हातात पुरावे आहेत. पोर्तुगालच्या रिटा कोएल्हो दो व्हाले आणि नेदरलँड्समधले त्यांचे दोन सहकारी यांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला रोज १,५०० कॅलरी. दुसऱ्याला सहा दिवस १,३०० आणि सातव्या दिवशी २,७००. आठवड्याची बेरीज दोन्हीकडे १०,५००च. दोन आठवड्यांनी वजन दोन्ही गटांत सारखंच उतरलं, पण ज्यांना सातवा दिवस सैल मिळाला होता त्यांचा उत्साह जास्त टिकला. समर्थक हा अभ्यास हमखास पुढे करतात. करावाच. फक्त नीट वाचून करावा. त्या सातव्या दिवसालाही आकडा होता. २,७०० झाले की ताट उचललं. आणि त्या जास्तीच्या १,२०० कॅलरी आधीच्या सहा दिवसांत रोज दोनशे-दोनशे करून बाजूला काढलेल्या होत्या. याला साठवून खर्च करणं म्हणतात. मी रविवारी करत होतो ती उधळपट्टी होती, आणि तीही उसनवारीवर.

दुसरा पुरावा ऑस्ट्रेलियातला. नुआला बर्न आणि सहकाऱ्यांनी ५१ लठ्ठ पुरुषांवर केलेला हा प्रयोग २०१७ साली छापून आला. एका गटानं सलग १६ आठवडे कमी खाल्लं. दुसऱ्यानं दोन आठवडे कमी, दोन आठवडे विश्रांती असं करत तेच १६ आठवडे ३० आठवड्यांत पुरे केले. थांबत थांबत गेलेल्यांचं वजन सरासरी १४ किलोंच्या आसपास उतरलं, सलग गेलेल्यांचं ९ किलोंच्या आसपास. हे वाचून मीसुद्धा एकदा खूश झालो होतो. पण विश्रांतीचे आठवडे म्हणजे मोकाट सुटायचे आठवडे नव्हते. आहे ते वजन कायम राहील एवढंच मोजून खायचं होतं. पुढे नियमित व्यायाम करणाऱ्या स्त्री-पुरुषांवर असाच प्रयोग झाला तेव्हा चरबी उतरण्यात काही तफावत दिसली नाही, विश्रांती घेणाऱ्यांना भूक तेवढी कमी लागली. तेव्हा थांबा घेतल्यानं बिघडत नाही, झाला तर थोडा फायदाच होतो, इथपर्यंत मी यायला तयार आहे. पण थांबा म्हणजे गाडी न्यूट्रलला टाकणं. चीट डेला आपण ती रिव्हर्सला टाकतो.

हिशोब एकदा कागदावर मांडून बघावा. समजा, एखाद्याचं वजन स्थिर राहायला रोज २,००० कॅलरी लागतात आणि तो १,५०० खातो. रोजची तूट ५००, सहा दिवसांची ३,०००. सातव्या दिवशी त्यानं पूर्ण २,००० खाल्ल्या तरी ती तूट शाबूत राहते. ४,००० खाल्ल्या तर तिच्यातल्या २,००० गेल्या, हाती उरल्या १,०००. ५,००० खाल्ल्या तर आठवडा शून्यावर. एक किलो चरबीला ढोबळमानानं ७,७०० कॅलरी धरतात. त्या मापानं पहिल्या रीतीत एक किलो साधारण अडीच आठवड्यांत उतरेल, दुसरीत पावणेआठ आठवडे लागतील आणि तिसरीत तो उतरणारच नाही. शरीर इतकं सरळ रेषेत चालत नाही हे खरं. वजन उतरतं तशी त्याची गरजही उतरते. पण ती बाब हिशोब बिघडवते ती आपल्याच विरुद्ध.

चार हजार हा आकडा राक्षसी वाटतो. प्रत्यक्षात तो गाठायला राक्षस असावं लागत नाही. सकाळी तळलेला नाश्ता, दुपारी हॉटेलात बुफे आणि वर दोन गोड पदार्थ, संध्याकाळी चॉकलेट आणि वेफर्स, रात्री चीज ओसंडणारा पिझ्झा आणि कोल्ड्रिंक, आणि शेवटी ते पावणेबाराचं आइस्क्रीम. मी कधी मोजलं नाही, चीट डेला मोजायचं नसतं हाच तर नियम, पण माझे रविवार चार हजारांत आटपत असतील असं मला वाटत नाही.

म्हणून 'चीट मील', म्हणजे एखादंच सैल जेवण, आणि 'चीट डे' यांत मी एवढा फरक करतो. एका जेवणाला पोटाची भिंत असते. कितीही हावरटासारखं खाल्लं तरी एका टप्प्यावर घास खाली उतरत नाही. दिवसाला ती भिंत नाही. चार तास गेले की जागा पुन्हा रिकामी. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात २०२० साली १४ निरोगी तरुण पुरुषांना एकदा पोट भरेपर्यंत आणि एकदा अगदी घास जाईनासा होईपर्यंत पिझ्झा खायला घातला. दुसऱ्या वेळी त्यांनी जवळजवळ दुप्पट खाल्ला, तरी रक्तातली साखर पहिल्या वेळेपेक्षा जास्त चढली नाही. शरीरानं इन्शुलिन वाढवून ती ताब्यात ठेवली. धडधाकट शरीर एका जेवणाचा अतिरेक बऱ्यापैकी सांभाळून घेतं. एखाद्या समारंभात दोन वाट्या जास्त झाल्या म्हणून कुणी कपाळाला हात लावायची गरज नाही. (धडधाकट हा शब्द मी मुद्दाम वापरला. इन्शुलिनवर असलेल्याला, किडनीच्या किंवा रक्तदाबाच्या पथ्यावर असलेल्याला ही मोकळीक आपल्या मनानं घेता येत नाही, आणि सीलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेननं आतड्याला इजा होण्याचा आजार, असलेल्याला ग्लूटेनच्या बाबतीत चीट डे हा प्रकारच नाही. त्यांचं पथ्य वजनासाठी नसतंच.)

आता सोमवार सकाळ. वजनकाट्यावर उभं राहणं हा चीट डेचा शेवटचा अंक. माझ्या वहीत सोमवारचे आकडे लाल शाईत आहेत. एक किलो दोनशे जास्त. दीड किलो जास्त. एकदा एक किलो आठशे, आणि त्याच्याभोवती पेन कागदातून आरपार जाईल इतकं गिरवलेलं वर्तुळ. दीड किलो चरबी एका दिवसात अंगाला लागायची तर गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील. तेवढं माझ्यासारख्यालाही जमलं नसतं. मग ते वजन कशाचं? स्नायूंत आणि यकृतात साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठते आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी येतं. सहा दिवस हात आखडून खाल्लं की ही कोठारं रिकामी होत जातात, रविवारी ती भरतात. खारट खाण्यातलं मीठ आणखी पाणी धरून ठेवतं. आणि आतड्यात अजून वाटेवर असलेलं अन्न, त्याचंही वजन असतंच की.

यातलं बरंचसं बुधवार-गुरुवारपर्यंत उतरतं. म्हणजे काटा आठवड्यातून दोनदा खोटं बोलतो. सोमवारी तो घाबरवतो, 'दीड किलो वाढलास', आणि आपण स्वतःला शिक्षा म्हणून नाश्ता टाळतो, रात्री नुसत्या सूपवर भागवतो. गुरुवारी तोच पाठ थोपटतो, 'बघ, काही फरक पडला नाही', आणि येत्या रविवारचा बेत पक्का होतो. मला विचाराल तर गुरुवारचं खोटं जास्त महागात पडतं. सोमवारच्या आकड्यावर निदान संशय तरी येतो.

चीट डेचं समर्थन करताना हल्ली शास्त्राचा आधार देतात तो लेप्टिनचा. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत या हार्मोनचा शोध लागला. चरबीच्या पेशींतून ते रक्तात येतं आणि साठा पुरेसा आहे अशी खबर मेंदूला देतं. कमी खाल्लं की लेप्टिन घसरतं, भूक चाळवते, शरीर खर्चाला हात आखडतं. इथपर्यंत सगळं बरोबर. पुढे म्हणतात, एक दिवस भरपेट खा, लेप्टिन वर येईल आणि चयापचय पुन्हा भडकेल. खरंच भडकतं का? २००० सालच्या एका प्रयोगात दहा निरोगी स्त्रियांना तीन दिवस गरजेपेक्षा ४० टक्के जास्त खायला दिलं. जास्तीचं खाणं पिष्टमय होतं तेव्हा लेप्टिन २८ टक्क्यांनी आणि दिवसाचा ऊर्जाखर्च ७ टक्क्यांनी वाढला. जास्तीचं खाणं स्निग्ध होतं तेव्हा म्हणण्यासारखं काहीच वाढलं नाही. रोज २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसाचा हिशोब करा: ८०० जास्त खाल्ल्या, १४० जास्त जळल्या. आवळा देऊन कोहळा काढतात असं ऐकलं होतं. हा तर कोहळा देऊन आवळा काढणं झालं. आणि चीट डेच्या ताटात नुसतं पिष्ट कुठे असतं? तिथे साखर आणि तेल-तूप हातात हात घालून येतात.

शरीराचा भाग एवढाच. खरी गंमत डोक्यात आहे.

१९७५ साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थिनींना चव ओळखायच्या निमित्तानं बोलावलं. काहींना आधी एक मिल्कशेक प्यायला दिला, काहींना दोन, काहींना काहीच नाही. मग तीन चवींची आइस्क्रीम पुढे ठेवली आणि सांगितलं, हवं तेवढं खाऊन मत द्या. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या त्यांनी मिल्कशेक झाल्यावर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलं होतं, सरळ आहे. ज्या सतत डाएटवर होत्या त्यांचं उलट. मिल्कशेक न प्यायलेल्यांनी हात आखडता घेतला आणि प्यायलेल्यांनी आइस्क्रीमवर ताव मारला. दिवस बुडालाच आहे, मग आता कशाला आवरायचं? पुढच्याच वर्षी जेनेट पोलिव्ही यांनी दाखवलं की हा बांध फुटायला खऱ्या कॅलरींचीही गरज नसते. आपण भरमसाट कॅलरींचं काहीतरी खाल्लं अशी नुसती समजूत पुरते. मानसशास्त्रात या वागण्याला जे नाव पडलं त्याचं चपखल मराठी 'जाऊ दे खड्ड्यात' असंच होईल.

आपल्याकडे तर यासाठी म्हणच तयार आहे: खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी. हट्टी माणसाचं ते वर्णन. चीट डे म्हणजे या हट्टाचं वेळापत्रक. सहा दिवस उपाशी आणि सातव्या दिवशी तुपाशी, मधलं काही नाहीच. आणि वजन सांभाळायचं कसब सगळं त्या मधल्या जागेत असतं. एक तुकडा खाऊन डबा बंद करणं, अर्धं ताट झाल्यावर पोटाला विचारून पाहणं, आवडीची वस्तू मंगळवारी थोडी खाऊन बुधवारी नेहमीसारखं जेवणं. याचा सराव चीट डेच्या आठवड्यात एकदाही होत नाही. सहा दिवस डब्याला हात लावायचा नाही आणि सातव्या दिवशी तो संपवायचा. अर्धा डबा ठेवून देणं मी शिकणार कधी?

बंदी जितकी कडक तितकी त्या वस्तूची आठवण जास्त, हा अनुभव कुणालाही असतो. माझा एक मित्र आठवडाभर फोनमध्ये यादी करायचा, रविवारी काय काय खायचं त्याची. सोमवारी दोन नावं असायची, बुधवारपर्यंत चौदा. कामाच्या मीटिंगमध्ये त्याला नवं नाव सुचायचं आणि तो टेबलाखाली फोन धरून ते लिहून घ्यायचा. रविवारी यादी पुरी केल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, कारण राहिलं तर आणखी आठ दिवस. यादीतला नववा पदार्थ खाताना मी त्याचा चेहरा पाहिला आहे. कर्जाचा हप्ता भरायला रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा असतो तसा.

यात त्याचा दोष किती आणि उपासमारीचा किती? दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. लढायला नकार दिलेले, तत्त्वासाठी त्रास सोसायला स्वतःहून पुढे आलेले हे तरुण; मनोनिग्रहात कमी नक्कीच नव्हते. २४ आठवडे त्यांना दिवसाला साधारण १,५७० कॅलरी मिळत होत्या आणि चालणं मात्र भरपूर होतं. त्यांचं जवळपास एक चतुर्थांश वजन गेलं. पण त्याआधी दुसरंच काही गेलं: अन्नाशिवाय इतर कशातही त्यांना रस राहिला नाही. काहींनी चोरून खाल्लं, तेव्हा कुणी एकट्यानं बाहेर जायचं नाही, सोबत जोडीदार हवाच, असा नियम करावा लागला. आणि नंतर पोटभर मिळू लागलं तेव्हा त्यातल्या काहींना कितीही खाल्लं तरी पोट भरल्याचं समाधान मिळेना. त्या १,५७० कॅलरींकडे पुन्हा एकदा पाहा. आजकाल कित्येक जण डाएट म्हणून स्वतःला याहून कमी नेमून देतात. मी १,३०० वर होतो, व्यायाम करून. मग रविवारी माझा बांध फुटत होता यात नवल काय? मी मात्र रविवारला बक्षीस समजत होतो.

मोठं वजन उतरवून ते राखलेल्या माणसांची अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवली जाते. निदान साडेतेरा किलो उतरवलेले आणि वर्षभर ते राखलेले लोकच तिच्यात येतात. त्यांच्याबद्दलचा २००४ सालचा एक निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. आठवड्याच्या सगळ्या दिवशी जवळपास सारखं खाणाऱ्यांचं वजन पुढच्या वर्षात सव्वादोन किलोंच्या आत राहण्याची शक्यता, इतर दिवशी कडक आणि सुट्टीच्या दिवशी सैल असणाऱ्यांपेक्षा दीडपट निघाली. आता यावरून सारखेपणामुळेच वजन राहिलं असं छातीठोक सांगता येत नाही. ज्यांचं जगणंच शिस्तीचं त्यांना दोन्ही जमत असेल. पण वर्षानुवर्षं जे टिकले त्यांच्यात रविवारच्या धुडगुसाला फारशी जागा दिसत नाही, एवढं तर दिसतंच.

आणखी एक गोष्ट आहे जिच्याबद्दल हसत हसत लिहिता येत नाही. २०१७ साली संशोधकांनी इन्स्टाग्रामवरची चीट मीलची छायाचित्रं तपासली. तोवर त्या नावाखाली सोळा लाखांच्या वर छायाचित्रं जमली होती. त्यातल्या नमुन्यात जेवणाच्या निम्म्याहून अधिक छायाचित्रांत अन्न इतकं होतं की डॉक्टर ज्याला अतिभक्षण म्हणतात त्याच्याशी ते जुळावं. २०२२ साली कॅनडातल्या २,७१७ किशोर आणि तरुणांच्या पाहणीत निम्म्याहून अधिक जणांनी वर्षभरात चीट मील केल्याचं सांगितलं आणि त्या सवयीचा खाण्याच्या बिघडलेल्या वर्तनाशी संबंध दिसला. अतिभक्षणाच्या विकाराला २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकन नियमावलीत स्वतंत्र आजाराचं स्थान आहे. त्याच्या कसोट्यांपैकी एक अशी: हा प्रकार सरासरी आठवड्यातून निदान एकदा, तीन महिने. आठवड्यातून एकदा! चीट डे करणारा प्रत्येक जण आजारी असतो असं मी अजिबात म्हणत नाही. खाण्यावरचा ताबा सुटणं आणि नंतर स्वतःची शिसारी येणं, अपराधी वाटणं या त्या आजाराच्या कसोट्या जास्त महत्त्वाच्या आहेत. पण ज्याचा ताबा खरंच सुटतो आहे त्याला 'आज चीट डे आहे' हे बोलायला किती सोयीचं पडतं! घरच्यांना संशय येत नाही, मित्र फोटोला लाइक देतात, आणि दुसऱ्या दिवशीची उपासमार 'शिस्त' म्हणून खपते. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, विशेषतः कोवळ्या वयाचं, तर फोटो पाहून हसण्याआधी एकदा सोमवारी ते काय खातात ते बघा.

शब्दाचं सांगायचं राहिलं. चीट म्हणजे फसवणं. कुणाला? पोटाला फसवता येत नाही, काट्याला तर नाहीच. मराठीत आपण 'पथ्य मोडलं' म्हणतो. मोडलेली गोष्ट पुन्हा सांधता येते, तिच्यात लबाडी नाही. औषधाच्या पथ्यात एखाद्या दिवशी मोडतोड झाली तर माणूस 'काल मोडलं बुवा' म्हणून पुढे चालू लागतो. पण चीट म्हटलं की आवडीचं खाणं हा गुन्हा ठरतो आणि त्याला कायदेशीर सवलतीचा दिवस. मग केकचा तुकडा खाणारा माणूस लबाड, आणि न खाणारा सज्जन. खाण्याला असं नीतीचं लेबल चिकटलं की आपण चवीऐवजी पापपुण्य खात बसतो. मला हे हास्यास्पद वाटतं, आणि तरीही दोन वर्षं मी रविवारची वाट पाहत तेच करत होतो.

यावर एका मैत्रिणीनं मला चांगलं सुनावलं होतं. ती म्हणाली, "तुला थोडंसं खाऊन थांबता येतं म्हणून तू हे बोलतोस. मला नाही येत. मला एकतर नको, नाहीतर ठरलेल्या वेळी हवं. रोज रोज स्वतःशी वाटाघाटी करायला माझ्याकडे ताकद नाही." यात तथ्य आहे. रोज शंभर वेळा निर्णय घेण्यापेक्षा एकदा वेळ ठरवून टाकणं काहींना खरंच हलकं जातं. तिनं स्वतःपुरती काढलेली तोड मला कुठल्याही तक्त्यापेक्षा पटली: आठवड्यात एक जेवण, घराबाहेर, चारचौघांबरोबर, आणि उरलेलं बांधून घरी आणायचं नाही. ती त्याला काही नाव देत नाही. त्या दिवशी दुपारचं जेवण टाळत नाही, दुसऱ्या दिवशी व्यायाम वाढवत नाही. जेवण संपलं की विषय संपला.

मी स्वतः काय केलं ते सांगतो, कुणी अनुकरण करावं म्हणून नव्हे. रविवारला हात लावलाच नाही. सोमवार ते शनिवार बदलले. १,३०० च्या १,७०० केल्या, सकाळच्या खाण्यात प्रथिनं वाढवली, रात्रीचं जेवण जेवणासारखं केलं आणि दुपारी चारला काहीतरी चावायला ठेवलं. पहिले तीन रविवार जुन्याच थाटात गेले. चौथ्या रविवारी पिझ्झाचे दोन तुकडे उरले आणि मी ते उरू दिले. तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटलं नाही, सोमवारी डब्यात ते दिसले तेव्हा मात्र मी थबकलो. वजन उतरायला ठरवल्यापेक्षा बरेच महिने जास्त लागले. डाएटच्या जाहिरातीत असला फोटो कुणी छापणार नाही.

परवा, बुधवारी, कामाच्या ठिकाणी एकाचा वाढदिवस होता. केक आला, माझ्या हातात कागदाची बशी आली. चॉकलेटचा होता, वरचा थर जरा जास्तच गोड. मी गप्पा मारत तो खाल्ला, क्रीमचं एक फूल बशीत तसंच राहिलं, आणि मी जागेवर जाऊन अर्धवट राहिलेलं पत्र पुरं केलं. रात्री वजनाची वही उघडली तेव्हा लक्षात आलं, गेल्या दोन सोमवारचे रकाने कोरेच आहेत.